जिन्यावरची खुर्ची

आमच्या वसईच्या घरातील जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. अकरा पायऱ्या सरळ वर जातात, मग भिंतीला टेकून एक चौकोनी टप्पा येतो आणि तेथून काटकोनात वळून उरलेल्या सहा माडीवर पोहोचतात. बाबांनी १९७४ साली जुन्या घरावर माडी चढवली तेव्हा गावच्याच सुताराकडून हा जिना सागवानात करून घेतला. जागा वाचवायची म्हणून तो जरा उभाच झाला. त्या वेळी कोणालाच त्याचे काही वाटले नाही. आम्ही भावंडे तो दोन-तीन उड्यांत उतरत असू आणि आई काखेला भाताची टोपली घेऊन कठड्याला हातही न लावता वर जात असे.

२०२१ च्या पावसाळ्यात आई त्याच जिन्यावरून पडली. टप्प्याच्या खालच्या तिसऱ्या पायरीवर ओल्या पावलाने घात केला. कठडा हाती आला म्हणून डोके वाचले. मनगटाचे हाड मात्र मोडले. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता आणि ती खाली, ओटीलगतच्या खोलीत. प्लास्टर निघाले त्या संध्याकाळी तिने आपली उशी काखेत मारली आणि जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली.

आम्ही सर्वांनी तिला एकमुखाने सांगितले, की आता खालीच राहावे. तिचे उत्तर तयार होते. "खालच्या खोलीत पाहुणे झोपतात. मी या घरात पाहुणी नाही."

माडीवरच्या तिच्या खोलीला पश्चिमेकडे खिडकी आहे. तेथून केळीची वाडी दिसते, तिच्यापलीकडे बावखल आणि त्याच्या काठचे भेंडीचे झाड. बाबा गेले तेही याच खोलीत. हे सारे आम्हाला ठाऊक होते. तरी वाद तीन महिने चालला. थोरल्याचे म्हणणे, जीव महत्त्वाचा, खिडकी नव्हे. धाकट्याचे म्हणणे, त्या खिडकीवाचून जीव कशाला धरील? वहिनींनी मात्र एक साधा प्रश्न विचारला: दिवसातून ती जिना किती वेळा चढते? आम्ही मोजले. चार वेळा वर, चार वेळा खाली. प्रत्येक वेळी कोणीतरी तिच्या मागे हात पसरून उभे, आणि तिला त्याचा संताप.

पेटीसारखी घरगुती लिफ्ट बसवावी, हा विचार आधी झाला. इंजिनिअर आला, त्याने स्लॅब कापावा लागेल, खाली खड्डा घ्यावा लागेल असे सांगितले. बावखलाशेजारच्या जमिनीत पावसाळ्यात दोन फुटांवर पाणी लागते. तेव्हा तो विचार तेथेच बुडाला. जिन्यावरून सरकणाऱ्या खुर्चीचे नाव प्रथम काढले ते आमच्या इंग्लंडातील बहिणीने. ती तेथे परिचारिका आहे. त्या देशात झोपण्याच्या खोल्या वर आणि जिने अरुंद, त्यामुळे अशी खुर्ची गल्लीगल्लीत आढळते. पात्र अपंगांना व वृद्धांना स्थानिक कौन्सिलकडून त्यासाठी अनुदानही मिळते. कल्पनाही जुनीच आहे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात सी. सी. क्रिस्पेन नावाच्या गृहस्थाने १९२० च्या दशकात असे यंत्र केले. आम्हाला ते ठाऊक व्हायला शंभर वर्षे लागली!

मग सुरू झाले पाहणे आणि तोलणे. तीन खुर्च्या आम्ही प्रत्यक्ष पाहिल्या: दोन मुंबईतील विक्रेत्यांकडे आणि एक वांद्र्याच्या एका वृद्ध बाईंच्या घरी. पहिल्या विक्रेत्याने आमच्या हाती एक रंगीत पुस्तिका ठेवली आणि आईकडे न पाहता आमच्याशीच बोलत राहिला. त्याने जिन्याचे एकही माप विचारले नाही. त्याची खुर्ची कदाचित उत्तम असेल. आम्ही परत गेलो नाही.

ही खुर्ची भिंतीवर टांगलेली असते असा आमचा समज होता. तो चुकीचा निघाला. तिचा रूळ पायऱ्यांवरच पायांवर उभा राहतो आणि ते पाय स्क्रूने पायरीत घट्ट बसवतात. म्हणजे खुर्ची कितीही नामांकित असो, भार अखेर आमच्या सागवानावर. सुतार बोलावला. त्याने प्रत्येक पायरीखाली पेचकस टोचून पाहिला आणि चौथी व नववी या दोन पायऱ्या वाळवीने आतून पोखरलेल्या दाखवल्या. आई कदाचित चुकीच्या पायरीवरून पडली असे तो म्हणाला तेव्हा आम्ही काही बोललो नाही. इतकी वर्षे तो जिना आम्ही नुसता पुसत होतो.

सरळ जिन्याचा रूळ तयार मिळतो, तो कापून बसवता येतो आणि गरज संपल्यावर दुसऱ्याला विकताही येतो. वळणाच्या जिन्याचा रूळ त्या एकाच जिन्याच्या मापाने वाकवून घडवावा लागतो. तो दुसऱ्या घरात बसत नाही. त्यामुळे आम्हाला सांगितलेली किंमत सरळ रुळाच्या दुपटीहून अधिक होती. टप्प्यापर्यंत एक आणि टप्प्यावरून दुसरी अशा दोन सरळ खुर्च्या बसवाव्यात, असाही एक सल्ला मिळाला. पैसे वाचले असते. पण आईला अर्ध्या जिन्यात, अरुंद टप्प्यावर, एका खुर्चीतून उठून दुसरीत बसावे लागले असते. आम्ही वळणाचाच रूळ घेतला.

सुरक्षिततेच्या बाबतीत विक्रेते जे सांगतात ते बहुतेक सर्वच चांगल्या खुर्च्यांत असते. हाताच्या टोकाशी एक दांडी असते. ती दाबून धरावी तोवरच खुर्ची चालते, सोडली की थांबते. पायपाटाच्या कडांना नाजूक कळा असतात. पायरीवर वहाण, मांजर वा नातवाचे खेळणे आडवे आले तर स्पर्श होताच गती बंद. पट्टा असतो, मुलांनी खेळू नये म्हणून किल्ली असते आणि वेग प्रमाणाबाहेर वाढला तर यांत्रिक ब्रेक लागतो. वेग मुळातच अल्प असतो. युरोपीय मानकाप्रमाणे सेकंदाला पंधरा सेंटिमीटरच्या आत. आमच्या घरी खालून वर जायला मिनिटभर लागते.

खरा फरक आम्हाला दिसला तो प्रवासात नव्हे, उतरण्यात. खुर्ची वर पोहोचते तेव्हा पाठीशी भिंत, एका अंगाला माडी आणि दुसऱ्या अंगाला सतरा पायऱ्यांचा उतार. त्या क्षणी उभे राहणे हेच सर्वांत धोक्याचे. चांगल्या खुर्चीची बैठक तेथे माडीच्या दिशेने फिरते, फिरून जागी घट्ट अडकते आणि पाय सपाट जमिनीवर येतात. वांद्र्याच्या बाईंची खुर्ची हाताने फिरवावी लागत होती. त्यांच्या खांद्यात ताकद राहिली नव्हती, म्हणून त्या न फिरवताच उतारावर उठत. त्यांनी ते आम्हाला हसत करून दाखवले आणि आमच्या पोटात गोळा आला. आम्ही बटणाने आपोआप फिरणारी बैठक मागितली, किंमत वाढली.

दुसरी गोष्ट कोणत्याही पुस्तिकेत नव्हती. आई लुगडे नेसते. तिचा पदर आणि काष्टा दोन्ही सैल. या खुर्च्यांतील पुष्कळशा दातेरी पट्टीवर चालतात: रुळाला दाते, त्यांत फिरणारे दातेरी चाक. एका खुर्चीत ती पट्टी उघडी, ग्रीसने माखलेली होती. आईने ती पाहिली मात्र, पदर पोटाशी ओढून घेतला. "हे माझे लुगडे चावणार," ती म्हणाली. तंत्रज्ञ हसला, आम्ही हसलो नाही. दुसऱ्या विक्रेत्याकडे दाते रुळाच्या खालच्या अंगाला दडवलेले होते आणि वरचा भाग गुळगुळीत होता. निवड तेथे निम्मी झाली, आणि ती आईने केली.

सुखाचे म्हणाल तर गादीच्या मऊपणावर जाऊ नये. आईचे गुडघे पुरते वाकत नाहीत. ठेंगण्या बैठकीतून उठताना तिला दोन्ही हातांनी रेटावे लागते. म्हणून बैठकीची उंची तिच्या गुडघ्याच्या मापाने ठरवली. पायपाट मिटवण्यासाठी वाकावे लागू नये, हेही पाहिले. खुर्ची मिटल्यावर जिन्यात किती जागा उरते, ते तर आम्ही टेप लावून मोजले, कारण बाकीच्यांनाही चढायचे असते. आमचा जिना अडीच फुटांचा. मिटलेली खुर्ची फूटभराहून थोडी अधिक जागा खाते. अंग चोरून जावे लागते. रुळाचे खालचे टोक स्वयंपाकघराच्या दारात येत होते. तेथे दुमडणारा रूळ मिळतो, परंतु जितके सांधे तितके बिघाड, असे सुताराचे मत पडले. वहिनींनी दारच एका हाताने सरकवून घेतले.

विश्वासार्हता हा आमच्या गावात वेगळाच विषय आहे. २०१८ च्या जुलैत वसई पाण्यात गेली तेव्हा आमच्या वाडीत दोन रात्री वीज नव्हती. तेव्हा पहिला प्रश्न हाच: वीज गेली तर आई मध्येच लटकणार का? तसे होत नाही. खुर्ची बॅटरीवर चालते. घरातील वीज फक्त ती बॅटरी भरते, आणि तीही रुळाच्या ठराविक जागीच, बहुधा दोन्ही टोकांना. वीज नसतानाही पाच-सहा फेऱ्या आरामात होतात. मात्र खुर्ची मध्येच सोडून दिली तर बॅटरी भरत नाही आणि ती केविलवाणी टी-टी करू लागते. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते; आमच्या दमट, खाऱ्या हवेत ती किती टिकेल याची हमी द्यायला कोणी तयार नव्हते. दुसऱ्या विक्रेत्याने निदान तसे स्पष्ट सांगितले. आम्ही त्याला विचारले, "बिघाड झाला तर माणूस कुठून येणार, किती दिवसांत येणार आणि सुटे भाग इथे आहेत की परदेशातून मागवणार?" त्याने दोन दिवस सांगितले आणि तसे लिहून दिले. हाताने फिरवून खुर्ची खाली आणण्याचे चाकही त्याने आम्हा प्रत्येकाकडून फिरवून घेतले.

आईच्या डॉक्टरांचा सल्ला येथे सांगितला पाहिजे. ते म्हणाले, खुर्ची बसवा. परंतु अंगात बळ आहे तोवर दिवसातून एकदा तरी, कोणी सोबत असताना, कठडा धरून तिला चढू द्या, नाहीतर पाय लवकर जातील. आणि विसर पडू लागला, पट्टा लावण्याचे भान राहिले नाही, तर पुन्हा विचार करा.

२०२२ च्या जानेवारीत रूळ बसला. दोन माणसांना एक दिवस लागला. आईने पहिले चार दिवस खुर्चीकडे ढुंकूनही पाहिले नाही. पाचव्या दिवशी तिने बैठकीवर धुतलेल्या कपड्यांची टोपली ठेवली, खालून बटण दाबले आणि टोपली वळणावरून नीट वर गेलेली पाहिली. सामान नेण्यासाठी ती खुर्ची नाही, असे बजावले होते. पण आम्ही गप्प राहिलो. त्या रात्री जेवणानंतर तिने पदर खोचला, पट्टा लावला आणि थोरल्याला म्हणाली, "तू मागे येऊ नकोस. वर जाऊन उभा राहा."

तो वर उभा राहिला. बाकीचे आम्ही खाली. खुर्ची टप्प्यावर वळली तेव्हा आई क्षणभर आम्हा सर्वांकडे तोंड करून होती. तिने आमच्याकडे पाहिले नाही. चौथ्या आणि नवव्या पायरीचे नवे लाकूड रंगाने जुळले नाही, एवढे तिने सुतारासाठी नोंदवले.

आता चौथे वर्ष सरले. बॅटऱ्या एकदा बदलल्या. मागच्या श्रावणात एका कळेला गंज चढून खुर्ची तीन दिवस बंद पडली. लिहून दिलेल्या दोन दिवसांचे तीन झाले आणि आई तेवढे दिवस वरच राहिली, जेवण वर मागवून. सकाळी ती चालत उतरते, एक हात कठड्यावर, एक वहिनींच्या खांद्यावर. दुपारी खुर्चीतून वर जाते. तिची घरघर थांबली, की बैठक फिरल्याचा खट्ट आवाज येतो, आणि मग खिडकी उघडल्याचा.