ठावठिकाणा

संगमनेर,
भोगी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं सविस्तर पत्र आणि बरणीचे फोटो मिळाले. कुंभार बर्नार्ड लीच यांचा वाडगा हातचा गेला म्हणून तू हिरमुसला होतास, पण त्याच लिलावात विंचकम पॉटरीची झाकणाची बरणी मिळवलीस याचा मला मनापासून आनंद झाला. बुडाचा फोटो आवर्जून काढलास हे फारच बरं केलंस. त्यात तळाची कड कोरी दिसते. झिलई तिच्या बोटभर वर थांबली आहे आणि थांबली तिथे तिला जाडसर किनार आली आहे. उघड्या मातीवर लोखंडाचे बारीक तपकिरी ठिपके उठलेत. माती कसली, आच किती लागली, हात कुणाचा सराईत आणि कुणाचा नवखा, हे बरंचसं त्या पट्टीतच कळतं. विकणारा भांडं समोरून दाखवतो. घेणाऱ्यानं ते उलटं करून बघायचं असतं.

तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. पुढच्या वेळी लीच यांच्या भांड्यासाठी बोली कुठवर न्यावी, भांडं पारखावं कसं, आणि उन्हाळ्यात येशील तेव्हा जोर्व्याचं एखादं खापर बरणीशेजारी ठेवायला मिळेल का. सगळ्यांच्या मुळाशी माझं सांगणं एकच आहे. भांड्याचं मोल आधी ते घडवणाऱ्या हातात आणि मग त्याच्या ठावठिकाण्यात असतं. नावाचा नंबर त्यानंतर. हात भांडं स्वतःच दाखवतं. ठावठिकाणा मात्र त्याला सांगता येत नाही, तो बाळगणाऱ्यानंच जपावा लागतो.

आधी नावाचं. बर्नार्ड लीच यांनी १९२० साली शोजी हमादांना बरोबर घेऊन सेंट आइव्हजला भट्टी उभारली, ती ज्या विश्वासावर उभारली तो तुला ठाऊक हवा. लीच, हमादा आणि त्यांचे मित्र यानागी सोएत्सु या सगळ्यांची धारणा अशी, की रोजच्या वापरासाठी, स्वतःचं नाव मनातही न आणता कारागीर जे भांडं करतो त्यातच खरं सौंदर्य उतरतं. हमादा जपानला परतल्यावर आपल्या भांड्यांवर शिक्काच उठवत नसत. आज तुमच्याकडच्या लिलावात त्याच परंपरेतल्या भांड्याला कुणाचा शिक्का आहे यावर दहापट, वीसपट भाव चढतो. लूसी री किंवा हॅन्स कॉपर म्हटलं की बोली लाखाच्या घरात जाते. त्या दोघांच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. ऑस्ट्रियातून आणि जर्मनीतून जीव वाचवून आलेली ही दोन माणसं दुसरं महायुद्ध संपल्यावर लंडनमधल्या एका छोट्या जागेत मातीची बटणं करून पोट भरत होती आणि त्यातूनच त्यांनी असं काम उभं केलं. पण शिक्क्यावर विसंबणाऱ्यानं एक हकिगत लक्षात ठेवावी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅफर्डशरमधल्या एका तुरुंगात, मातीकामाच्या वर्गात कैद्यांनी लीच यांच्या शिक्क्याची नक्कल करून भांडी केली आणि ती लंडनच्या लिलावांतून खपलीही. दोन अक्षरांचा शिक्का कोरायला फारसा वेळ लागत नाही. चाकावर चाळीस वर्षं बसलेला हात मात्र कोरून काढता येत नाही.

तेव्हा बोलीचं उत्तर असं. लिलावाला जाण्याआधी मनात एक आकडा ठरव, आणि तो ठरवताना शिक्का झाकून भांडं बघ. ते बिननावाचं असतं तर किती दिलं असतंस, ते आधी काढ. नावासाठी त्यावर जे काही द्यायचं ते डोळे उघडे ठेवून दे. हातोडा पडतो त्या रकमेवर वीस ते तीस टक्के लिलावघराचं कमिशन आणि त्यावर कर चढतो, तोही तुझ्या आकड्यातच धर. आणि तिथे ठरवलेला आकडा वाढवू नकोस.

आता पारख. आज बाजारात संक्रांतीची सुगडं मांडली होती. चौकात दोन कुंभारीणबाया बसल्या होत्या. एकीकडे लाल-पांढऱ्या रंगानं रंगवलेली, दुसरीकडे कोरी, धुरानं काळी केलेली. रंगवलेल्यांपाशीच गर्दी होती. मी कोऱ्यांपाशी बसले तशी त्या बाई म्हणाल्या, "बाई, रंग धुतला की जातो, आवाज ऐकून घ्या." त्यांनी एकेक सुगड तळहातावर ठेवून टिचकी मारून दाखवलं. धड भाजलेलं खणकन वाजतं. कच्चं असलं किंवा डोळ्याला न दिसणारा तडा असला की बद्द वाजतं. तुझ्या लिलावघराच्या यादीत 'बारीक तडा' असं लिहिलेलं असतं, तो तडा खरा कुठवर गेलाय हे अशाच टिचकीनं कळतं. पाहणीच्या दिवशी स्वतः जा, परवानगी घे, दोन्ही हातांनी भांडं उचल, आणि काठावरून बोट फिरव. टवका बुजवून वर रंग मारला असेल तर तिथे बोटाला गारवा कमी लागतो आणि चमकही वेगळी दिसते.

वजनाकडे आणि आतल्या खुणांकडेही लक्ष दे. आपला कुंभार माठाचं तोंड आणि गळा चाकावर काढतो, पण पोट चाकावर होत नाही. जाड ठेवलेलं ओलं भांडं थोडं सुकलं की तो आत दगडी गोळा धरतो आणि बाहेरून लाकडी थापीनं हळूहळू ठोकत जातो. गोळा आणि थापी सतत समोरासमोर राहायला हवीत. ठोकता ठोकता भिंत पातळ होते, पोट फुगतं आणि बूड गोल होतं. माठ आतून चाचपलास तर गोळ्याच्या उथळ खळग्यांची रांग बोटांना लागते. तुझ्या बरणीत त्याच जागी चाकावरच्या बोटांचे गोल गोल वळसे असतील. हात आत घालून बघ. ते वळसे सारख्या अंतरानं, एका दमात वर चढत गेले असतील तर करणाऱ्यानं तशा शेकडो बरण्या केल्या होत्या असं समज.

दोन्हींची माती वेगळी, आच वेगळी. आपला आवा गोवऱ्या, काटक्या, भुसा यांवर पेटतो. ती आच साताठशे अंशांच्या आसपास जाते, त्यामुळे माठ सच्छिद्र राहतो, झिरपतो आणि पाणी गार करतो. तुझी बरणी बाराशे अंशांच्या वर भाजलेली आहे. तिथे माती दगडासारखी आवळते आणि थेंबही बाहेर येत नाही. आजीच्या कोनाड्यातल्या लोणच्याच्या बरण्या, वर तपकिरी आणि खाली पांढरट, त्याच जातीच्या. सौराष्ट्रातल्या परशुराम पॉटरीसारख्या कारखान्यांतून तसल्या बरण्या महाराष्ट्रभर घरोघरी गेल्या. म्हणजे लहानपणापासून तू दगडी भांड्यातलंच लोणचं खाल्लं आहेस, विंचकमची बरणी तुला आवडली यात मला नवल वाटत नाही.

आणि विंचकमचं आपल्या नगरशी एक नातं आहे, जे तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही. मायकेल कार्ड्यू यांनी १९२६ साली ती पडीक पॉटरी पुन्हा सुरू केली. रे फिंच तिथे १९३६ साली उमेदवार म्हणून आले आणि १९३९ पासून कारभार त्यांच्याकडे गेला. लोकांना परवडतील अशी रोजच्या वापराची भांडी करत राहायचं हेच त्यांनी आयुष्यभराचं काम मानलं, आणि त्यांच्याच काळात विंचकमचं काम साध्या मातीकडून दगडी भांड्यांकडे वळलं. त्या रे फिंच यांच्या हाताखाली निर्मला पटवर्धन यांनी काम केलं. त्या मूळच्या सिंधमधल्या हैदराबादच्या. शांतिनिकेतनात शिकल्या, मग जर्मनीत श्टुटगार्टला मातीकाम शिकल्या आणि मग इंग्लंडला गेल्या. त्यांचे पती बाळू पटवर्धन म्हणजे आपल्या नगरच्या अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धनांचे धाकटे बंधू. १९४२च्या भूमिगत लढ्यातले अच्युतराव नगरला सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या घरची ही सून देशातल्या थोर कुंभारांपैकी एक होती हे फार थोड्यांना माहीत आहे, आणि याची मला खरंच खंत वाटते. झिलई हा त्यांचा ध्यास. झिलया कशा करायच्या, त्यांची प्रमाणं काय, हे त्यांनी १९८४च्या 'हँडबुक फॉर पॉटर्स' या पुस्तकात खुलं करून टाकलं. कुंभारकामात लोक प्रमाणं मुठीत दाबून ठेवतात. त्यांनी ती छापून वाटली. त्यांचे चिरंजीव आनंद पटवर्धन यांनी आईवडिलांवर केलेला 'वसुधैव कुटुंबकम्' हा २०२३चा माहितीपट तुला तिकडे बघायला मिळाला तर जरूर बघ.

त्यांची भांडी पुण्या-मुंबईच्या घरांत आजही असतील. कुठे चहाचे कप म्हणून, कुठे शोभेला. पुढच्या पिढीला 'आजीचा जुना वाडगा' यापलीकडे काही सांगता येणार नाही, आणि एक दिवस तो भंगारात जाईल. ठावठिकाणा जपला नाही की हे होतं.

खापराचं उत्तर यातच आलं. जोर्वे आपल्यापासून पूर्वेला, प्रवरेच्या काठी. १९५०-५१ साली हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. लाल लेपावर काळ्या रेघांची नक्षी, मधोमध कोन असलेले वाडगे, खांद्याला नळीसारखी तोटी बसवलेली भांडी, आणि भाजणी अशी की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात असं एक तोटीचं भांडं मी बराच वेळ बघत उभी होते. तोटी बसवल्यावर सांधा ओल्या बोटानं पुसून घेतलेला दिसतो. ओतताना पाणी अंगावरून खाली उतरू नये म्हणून तिचं तोंड जरा उचललेलं आहे. साधारण इ.स.पू. १४०० ते १००० या काळातल्या त्या कुंभाराचं नाव कुणालाच कळणार नाही. पण ते भांडं कोणत्या गावच्या, कोणत्या थरातून निघालं हे नोंदलेलं आहे. म्हणून पुढे महाराष्ट्रभर, इनामगावापासून नेवाशापर्यंत, तसली खापरं सापडत गेली तेव्हा त्या संस्कृतीला आपल्या तालुक्यातल्या या खेड्याचं नाव मिळालं.

याच्या उलट गोष्टही आपल्याच जिल्ह्यातली, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादची. १९७४ साली एका भिल्ल माणसाला खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोंच्या वर. देशात तोड नाही असं काम. पण उत्खननात, थरांच्या नोंदीसह त्या निघाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद झाला आणि तो पुरता मिटलेला नाही. काही जण त्यांना उत्तर हडप्पा काळातल्या म्हणतात, काहींना त्या बऱ्याच अलीकडच्या वाटतात.

म्हणून खापर उचलायचं नाही, ओंकार. १९७२चा पुरावशेष कायदा आहेच. शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पण कायदा नसता तरी मी नको म्हटलं असतं. जोर्व्याच्या पांढरीवर, जुन्या वस्तीच्या जागी, पडलेल्या खापराला जागा आहे, शेजार आहे. तुझ्या फडताळात ते नुसता लाल तुकडा होईल.

आता तू एवढं कर. एक जाड वही घे. प्रत्येक भांड्याला एक पान. कुठल्या लिलावात, कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकानं, किती पौंडांना घेतलं ते लिही. आधी कुणाच्या घरी होतं हे लिलावघराला विचार. सांगता येण्यासारखं असेल तर बहुतेकदा सांगतात. उंची, वजन, शिक्का कुठे आहे, टवके कुठे आहेत, सगळं लिही. यादीतलं ते पान आणि पावती वहीतच चिकटव. भांड्यावर चिकटपट्टी लावू नकोस, बुडाच्या कोऱ्या मातीत तिचा डाग मुरतो. जुन्या मालकाची चिठ्ठी बुडाला असेल तर ती मात्र काढू नकोस, तिथेच राहू दे.

आणि लिलावाच्या पैशांतला काही वाटा दरवर्षी बाजूला काढून आज चाकावर बसलेल्या माणसाकडून थेट भांडं घे, तिकडे घे तसं इकडेही घे. त्याला समोर बसवून माती कुठली, भट्टी कसली हे विचारून त्याच वहीत लिही. ज्याचं नाव कुणी विचारत नाही त्याचं नाव, गाव आणि तारीख तुझ्या वहीत असू दे. लीच आणि फिंच यांच्या विश्वासाशी इमान राखायचं तर याहून चांगली वाट मला दिसत नाही.

बरणी फडताळात नुसती ठेवू नकोस. तांदूळ भर, नाहीतर लोणचं घाल. ती त्यासाठीच केली होती. झाकण रोज उघडताना-लावताना तिच्या खांद्याचा बाक तुझ्या हाताला जेवढा कळेल तेवढा काचेआडून कळणार नाही.

मे महिन्यात येशील तेव्हा आपण दायमाबादला आणि जोर्व्याला जाऊ, नुसतं बघायला. मग पुण्याला डेक्कन कॉलेजला. वही बरोबर आण, मला पानं वाचायची आहेत. तुझ्या आईला तिळगूळ पोस्टानं पाठवला आहे. थंडीत सकाळचं फिरणं सोडू नकोस. बाकी सर्व क्षेम.

तुझी,
सुलूमावशी