बारमाही कोच

झोनच्या स्पर्धांचं पत्रक हातात पडलं की आमच्या भागातल्या महाविद्यालयांत फुटबॉलच्या कोचची शोधाशोध सुरू होते. कुणीतरी जुना खेळाडू गाठायचा, पंधरा-वीस दिवसांचं मानधन ठरवायचं, पोरांना नवे टी-शर्ट द्यायचे, गाडी करायची आणि निघायचं. पहिल्या फेरीत हरलं की कोच त्याच्या गावी, पोरं त्यांच्या गावी आणि चेंडू पुढच्या वर्षापर्यंत खोलीत. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या आमच्या महाविद्यालयातही वर्षानुवर्षं हेच चालत आलं होतं. मी तिथे शारीरिक शिक्षण संचालक आहे.

मी मूळचा कबड्डीचा. शिकलो अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या या संस्थेने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. विदर्भातल्या कितीतरी क्रीडाशिक्षकांची घडण तिथलीच. फुटबॉलचे नियम मला तोंडपाठ आहेत, पण नियम माहीत असणं निराळं आणि खेळ अंगात मुरलेला असणं निराळं. शिवाय महाविद्यालयात संचालक एकच. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री, बुद्धिबळ, सगळे संघ त्यानेच तयार करायचे आणि त्यानेच न्यायचे. फुटबॉलच्या पोरांना त्यांचा स्वतःचा माणूस मिळाला पाहिजे, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

एका वर्षी आम्ही सात गोल खाल्ले आणि एकही केला नाही. तो सामना मी रेषेवर उभा राहून शेवटपर्यंत पाहिला. पोरं वाईट खेळत नव्हती, ती थकली होती. मध्यंतरानंतर बदली करायला बाकावर कुणी उरलंच नव्हतं. आमचे सगळ्यांत दमदार खेळाडू आलेच नव्हते. त्यांच्यातल्या एकाने आदल्या रात्री फोन केला होता, “सर, सोयाबीन उभं हाय शेतात, वरून आभाळ आलं. मले नाही येता येत.” त्याला मी काय म्हणणार? सप्टेंबरच्या अखेरीस सोयाबीन वाळतं. शेंगा पिकल्या की उन्हाने तडकतात आणि दाणे जमिनीवर सांडतात. पाऊस आला तर दाणा काळा पडतो, कधी शेंगेतच कोंब फुटतात. वर्षाची कमाई त्या आठ-दहा दिवसांवर असते. ज्यांना शेत नाही ती पोरं तेव्हा दुसऱ्याच्या शेतात एकरी ठेक्याने सोंगणी करतात आणि त्या पैशातून सत्राची फी भरतात. स्पर्धाही साधारण त्याच सुमारास येतात. यात कुणाचा दोष नाही. पाच जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतून विद्यापीठाचा संघ निवडायचा, त्याचं शिबिर घ्यायचं आणि मग त्याला आंतरविद्यापीठ स्पर्धेला पाठवायचं, तर पावसाळा सरताच सुरुवात करावी लागते.

त्या सामन्यानंतर मी संस्थेपुढे मागणी ठेवली की फुटबॉलला वर्षभराचा प्रशिक्षक नेमावा. पहिला प्रश्न अपेक्षित होता: वर्षातून दोन-चार सामने खेळणाऱ्या आणि तेही हरणाऱ्या संघाला बारमाही कोच कशाला? मी त्यांना बुलढाण्याचंच उदाहरण दिलं. मे २०२३ मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात प्रथमेश जावकर या आपल्या बुलढाण्याच्या पोराने जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवून सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडच्या सांघिक सुवर्णातही तो होता. त्याला घडवणारे चंद्रकांत इलग याच गावात, पोलिस दलातली नोकरी सांभाळून, पोरांना धनुष्य धरायला शिकवत आले. मोठ्या शहरातल्या सोयी त्यांच्यापाशी नव्हत्या. ते रोज तिथे होते, आणि माझं सगळं म्हणणं एवढ्यापुरतंच होतं.

फुटबॉलचे दाखलेही मी दिले. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली हैदराबाद पोलिसांचा संघ १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक जिंकला. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं भारताला त्यांनीच मिळवून दिली, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांकही त्यांच्याच काळातला. मुद्दा पुन्हा तोच. माणूस एका जागी टिकला तर संघ उभा राहतो. जवळचा दाखला नागपूरचा: हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये वस्तीतल्या पोरांना पावसात फुटक्या बादलीशी खेळताना पाहिलं आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. त्यांच्यावरचा ‘झुंड’ हा चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला होता, त्यामुळे हे नाव निघताच बैठकीतलं वातावरण जरा सैल झालं. शेवटी दहा महिन्यांचं मानधन मंजूर झालं. काही क्रीडा शुल्कातून, काही माजी विद्यार्थ्यांकडून. रक्कम फार नव्हती, आणि ती मला आजही कमीच वाटते.

जाहिरात दिली. मुलाखत खोलीत घ्यायची आणि लगेच निर्णय करायचा, असं समितीतल्या काहींचं मत होतं. मी आग्रह धरला की प्रत्येकाने आमच्या मैदानावर, आमच्याच पोरांचा, एक पूर्ण सराव घेऊन दाखवावा. ज्याला शिकवायला ठेवायचं त्याला शिकवताना पाहिल्याशिवाय ठेवू नये.

पहिले गृहस्थ मोठ्या शहरातल्या खासगी अकादमीतून आले होते. प्रमाणपत्रं भरपूर, बोलणं स्वच्छ, सोबत रंगीत शंकू आणि जमिनीवर अंथरायची शिडी. पण सराव रंगात आला आणि अर्ध्या पोरांनी दप्तरं उचलून रस्त्याकडे धाव घेतली. साडेपाचची शेवटची गाडी होती. ते संतापले, “या मुलांना शिस्तच नाही.” दुसरे विद्यापीठाचे माजी कलर होल्डर. खेळ अप्रतिम. त्यांनी स्वतः चेंडू घेऊन पोरांना गुंगवलं, पोरं खूश झाली, पण तास संपला तेव्हा कुणाच्या खेळात काही बदललं नव्हतं.

तिसरा तिशीतला, अकोल्याहून एसटीने आलेला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स, खेळाडू म्हणून फार मोठं नाव नाही. मैदानावर पोचताच तो म्हणाला, “सर, तासभर आधी सुरू करू. स्टँडवर फळा वाचला मी, तुमच्या खेड्यांच्या गाड्या साडेपाचला सुटतात.” मग मैदानाला एक फेरी मारली. आमचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल बुटाला धरून ठेवतो, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि घोटे मुरगळतात. डाव्या गोलपोस्टपाशी पाणी साचतं. त्याने टाच रोवून माती दाबून पाहिली आणि मुरूम पडलेल्या कडेचा एक चौकोन आखून घेतला.

त्या चौकोनात चार जण बाहेर आणि एक मधे, एवढाच खेळ. मधल्याने चेंडू पकडायचा, बाकीच्यांनी तो फिरता ठेवायचा. आमचा राइट बॅक पूर्णा काठच्या खारपाण पट्ट्यातल्या एका गावचा. दिवसभर न दमता पळेल असा पोरगा, पण चेंडू पायाशी आला की घाबरून कुठेही मारायचा. कोचने खेळ थांबवला, त्याच्या खांद्याला धरून त्याला किंचित तिरपं उभं केलं आणि म्हणाला, “चेंडू ज्या बाजूने येतो त्या पायाने घेऊ नको. पलीकडच्या पायावर येऊ दे. मग तुझं तोंड आपोआप मैदानाकडे होईल.” पोराने एकदा केलं, चुकलं. पुन्हा केलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी चेंडू त्याच्या डाव्या पायावर थांबला, त्याने मान वर केली आणि समोर कोण मोकळा आहे ते पाहून पास दिला. माझ्यासमोर तो आजवर कितीतरी सामने खेळला होता, पण चेंडू पायाशी असताना त्याने मान वर केलेली मी पहिल्यांदाच पाहिली. त्याच क्षणी माझा निर्णय झाला.

समितीचा लगेच झाला नाही. पहिल्या उमेदवाराच्या कागदांचं वजन जास्त होतं आणि कागदाला महत्त्व देणारे लोक वाईट हेतूने तसं करत नाहीत, उद्या कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी लागतं. मी तिघांच्या सरावाची टिपणं काढली होती, ती वाचून दाखवली. कोणत्या पोराला काय सांगितलं, त्याने पुढे काय केलं, एवढंच त्यात होतं. प्राचार्यांनी विचारलं, “हा माणूस टिकेल?” मी म्हटलं, “दर महिन्याला पैसे मिळाले तर टिकेल.” माझ्या मते कोच नेमताना या प्रश्नाची जबाबदारी उमेदवारापेक्षा नेमणाऱ्यांवर जास्त असते. आपल्याकडे क्रीडा प्रशिक्षकाचं मानधन सर्वांत शेवटी निघतं आणि मग तो मधेच सोडून गेला म्हणून आपणच नाराज होतो.

नेमणूक जूनमध्ये झाली. त्याने पहिली गोष्ट बदलली ती सरावाची वेळ. आमचा सराव संध्याकाळी असायचा, म्हणजे संघात फक्त शहरातली आणि वसतिगृहातली पोरं. खेड्यांतली पोरं मात्र पहिल्या गाडीने सव्वाआठला उतरायची आणि तास सुरू होईपर्यंत स्टँडवर नाहीतर ग्रंथालयाच्या पायरीवर बसून राहायची. त्याने सराव साडेआठला आणला. संघ एका आठवड्यात दुप्पट झाला. ही गोष्ट इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

दुसरी गोष्ट खाण्याची. पोरं घरून चहावर निघायची. “बूट नंतर घेऊ, सर, आधी खाणं,” असं म्हणून त्याने भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ आणि केळी यांची सोय माझ्याकडून करून घेतली. सरावानंतर हातात खाणं मिळू लागल्यावर तासाला डुलक्या घेणारी पोरंही कमी झाली. हे मला वर्गातल्या सहकाऱ्यांनी सांगितलं.

सोंगणीचं मात्र त्याच्याही हातात नव्हतं. त्याने सगळी तयारी जून ते ऑगस्टमध्ये उरकली आणि पंधराऐवजी बावीस पोरं तयार ठेवली, प्रत्येक जागेला दोन. मग सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं पोरांच्या गावी गेलो. राइट बॅकचे वडील बांधावर बसले होते. त्यांनी विचारलं, “फुटबॉल खेळून पोरगं काय कमावणार हाय, सर?” सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचा विषय मी काढणार होतो, पण कोच आधीच बोलला, “काका, कमाईचं मी काही कबूल करत नाही. ते आरक्षण मोठ्या स्पर्धांत पदक आणणाऱ्यांसाठी असते. मले फक्त मॅचचा दिवस द्या. बाकीचे दिवस तो तुमचा.” म्हातारा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “एक दिवस हाय तर घेऊन जा. पण रातच्याले घरी पाहिजे.” ज्या घरांत आम्ही गेलो तिथल्या बहुतेकांनी याच बोलीवर होकार दिला. खोटं आमिष न दाखवल्यामुळेच दिला, असं मला वाटतं.

त्या हंगामात आम्ही पहिला सामना एका गोलने जिंकलो आणि दुसरा दोन गोलांनी हरलो. दुसऱ्या सामन्यात समोरचा संघ आमच्यापेक्षा खरोखरच सरस होता. पण बाकावर शेवटपर्यंत पोरं होती आणि शेवटच्या दहा मिनिटांतही आमची पोरं पळत होती. राइट बॅकला विद्यापीठाच्या संघाच्या निवड चाचणीला बोलावणं आलं. त्याची निवड झाली नाही. दुसऱ्या दिवशी साडेआठला तो मैदानावर हजर होता.

दहा महिन्यांचा करार एप्रिलमध्ये संपला. मे-जूनचे दोन महिने कोच बिनपगारी राहिला आणि त्या काळात त्याला दुसरीकडून विचारणाही झाली. तो गेला नाही, पण गेला असता तर मी त्याला दोष दिला नसता. यंदाच्या बैठकीत मी दोन विषय ठेवले आहेत. पहिला, त्याची नेमणूक बारा महिन्यांची आणि किमान तीन वर्षांची करावी. दुसरा, मुलींचा संघ काढावा. या दुसऱ्या विषयासाठी लागणारी कागदपत्रं त्याने स्वतःच तयार करून माझ्या टेबलावर ठेवली. त्यात कोणत्या गावच्या किती मुली येतात, त्यांच्या गाड्या सकाळी किती वाजता पोचतात आणि कपडे बदलायला कोणती खोली रिकामी मिळेल, एवढं लिहिलं आहे.