तीन जिने

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आई-बाबांना मुंबई दाखवायला नेलं. आम्ही मनीषनगरचे, नागपूरहून विदर्भ एक्सप्रेसनं सुमारे ८४० किलोमीटरचा प्रवास! सीएसएमटी स्टेशनजवळ लॉज घेतला. १९२४ सालचं गेटवे ऑफ इंडिया तिथून टॅक्सीनं जवळच. मी खूश!

पण खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. बाबा गुडघे धरत चढले नि म्हणाले, "छान आहे गं." संध्याकाळी मात्र म्हणतात, "गेटवे तूच बघून ये."

तेव्हा चूक कळली. स्टेशन जवळ पाहिलं, त्यांचे पाय विसरले! दुसऱ्या दिवशी तळमजल्याची खोली शोधली आणि तिघांनी मिळून गेटवे पाहिलं.

तुम्हीही आजी-आजोबांसोबत निघालात, की आधी फोन करून विचारा हं : लिफ्ट आहे? कमोड, गरम पाणी? ते स्वतः कधीच सांगणार नाहीत.