झारी

सदाशिव पेठेतल्या एकाच वाड्यात वाढलेले, एकाच बाकावर बसलेले आणि आजही परस्परांना ‘अरे-तुरे’ करणारे दोन मित्र शहात्तराव्या वर्षी नेकार नदीच्या काठी भेटले, तेव्हा त्यांतला एक पाहुणा होता आणि दुसरा यजमान. ही वाटणी दोघांनाही नवी होती. यजमान 1966 साली शिक्षणासाठी जर्मनीत गेला आणि तिथलाच झाला. पाहुणा पुण्यात मराठी शिकवून निवृत्त झाला. मधल्या साऱ्या भेटी पुण्यातच झाल्या होत्या. 2018च्या मे महिन्यात पाहुणा प्रथमच हायडेलबर्गला आला, तो मनात एक हेतू धरून. मित्राची जर्मन पत्नी 2009 साली वारली होती, मुलगी कॅनडात होती आणि पाहुण्याच्या कोथरूडच्या इमारतीत दोन खोल्यांचे घर रिकामे होते. उतारवयात माणसाने आपल्या माणसांत यावे, एवढेच त्याचे साधे म्हणणे होते.

मराठी अभ्यासकाला हायडेलबर्ग हे नाव परके नाही. विद्यापीठ 1386 सालचे. खंडोबाचा आणि धनगरांच्या दैवतांचा मागोवा घेणारे गुंथर सोंथायमर याच गावी शिकवीत असत. महंमद इक्बाल 1907 साली येथे जर्मन शिकले आणि नेकारकाठच्या एका संध्याकाळीवर त्यांनी उर्दूत कविता लिहिली. पाहुणा हे सारे मनात घोळवीत आला होता. प्रत्यक्षात पहिल्याच सकाळी त्याची गाठ पडली ती चहाशी.

“चहा घेणार?” यजमानाने विचारले.

“नको, राहू दे.”

यजमानाने डब्याचे झाकण लावले आणि डबा फळीवर ठेवून दिला. पुण्यात पहिले ‘नको’ हा नकार नसतो. ती आग्रहाला करून दिलेली वाट असते. दुसऱ्या ‘नको’नंतर आधण चढते आणि तिसऱ्याला कप हातात असतो. येथे पहिल्याच ‘नको’ला शब्दाचा मान मिळाला. लहानपणी ज्याच्या ताटातले न विचारता उचलून खाल्ले, त्याने आपल्याला एकदाच विचारावे, हे पाहुण्याला दुपारपर्यंत सलत राहिले. आपण अर्धसत्य बोललो होतो आणि मित्राने ते पूर्ण सत्य मानले, यात दोष कोणाचा, हे ठरवणे मात्र त्याला जमेना. दुसऱ्या दिवशी तो सरळ म्हणाला, “चहा टाक.” यजमानाने मुकाट्याने दोन कप केले.

मग इतर गोष्टी दिसू लागल्या. हवा थंड असली तरी सकाळी घराच्या साऱ्या खिडक्या सताड उघडायच्या आणि दहा मिनिटांनी घट्ट लावायच्या. पांढऱ्या, तपकिरी आणि हिरव्या काचेच्या रिकाम्या बाटल्या वेगवेगळ्या पिंपांत टाकायच्या. रविवारी तेही नाही, कारण त्या आवाजाने शेजाऱ्यांची शांतता मोडते. रात्रीचे जेवण म्हणजे पाव, चीज, काकडीचे लोणचे, सारे थंडच. डॉक्टरकडच्या खोलीत शिरणाऱ्याने अनोळखी रुग्णांनाही नमस्कार करायचा आणि मग कोणाशीही बोलायचे नाही. मराठी प्रवासवर्णनांनी अशा तपशिलांसाठी दोन खण फार पूर्वीच करून ठेवले आहेत: एक त्यांच्या शिस्तीच्या कौतुकाचा, दुसरा त्यांच्या कोरडेपणाच्या खंतीचा. पाहुणाही प्रथम वस्तू त्याच खणांत टाकीत होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मात्र त्याची पंचाईत केली.

या बाई तीस वर्षांच्या शेजारी. यजमान त्यांना अजून आडनावानेच हाक मारी आणि ‘झी’ म्हणे, म्हणजे आपले ‘आपण’. ‘दू’वर, म्हणजे ‘तू’वर, दोघे कधी आलेच नव्हते. तेथील रीतीप्रमाणे ‘तू’ म्हणण्याचा प्रस्ताव वडीलधाऱ्याने मांडायचा असतो, आणि बाईंनी तो मांडला नव्हता. “तीस वर्षांत एकदाही नाही?” पाहुण्याने विचारले. “गरज पडली नाही,” यजमान म्हणाला. “पत्नी शेवटच्या आजारात होती तेव्हा रोज संध्याकाळी सातला त्या सूप आणून दारात ठेवीत. बेल वाजवून निघून जात. मला रडताना कोणी पाहू नये म्हणून.” जवळीक मोजण्याचे पाहुण्याचे माप सर्वनामांचे होते, आणि ते येथे लागू पडेना.

शनिवारी यजमान त्याला दफनभूमीत घेऊन गेला. ‘बेर्गफ्रीडहोफ’ म्हणजे डोंगरावरची दफनभूमी. 1844 साली सुरू झालेली, उतारावर झाडीत पसरलेली. मॅक्स वेबर येथेच आहेत; जर्मन प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष फ्रीडरिश एबर्टही. यजमान त्या दोघांकडे न वळता पाण्याच्या नळाकडे गेला. तेथे एका दांड्याला हिरव्या झाऱ्या टांगलेल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच साखळीने कुलूपबंद होत्या.

पाहुण्याला हसू आले. “मेलेल्यांच्या गावातही कुलूप?”

“झाऱ्या चोरीला जातात. लोक इथेही लोकच आहेत.” यजमानाने आपले कुलूप काढले.

कबर लहान होती. कडेला दगडाची चौकट, आत बेगोनिया. यजमानाने गुडघ्याखाली घडी घातलेले वर्तमानपत्र घेतले आणि तो तण उपटू लागला. पाहुण्याने हीच वेळ साधून कोथरूडचे घर काढले. भाडे, जवळचा दवाखाना, सकाळी फिरायला टेकडी. यजमानाने सगळे ऐकून घेतले.

“इथे जागा कायमची मिळत नाही,” तो म्हणाला. “मुदतीने घ्यावी लागते. हिची वीस वर्षांची आहे. 2029ला संपेल. वाढवली नाही तर दगड काढतात, जागा दुसऱ्याला देतात.”

“मग वाढव. पैसे तिथूनही भरता येतील.”

“मी सत्त्याऐंशीचा असेन. असलो तर. पोरगी कॅनडात, तिच्यावर टाकायचे नाही.” त्याने हातातली मुळे झटकली. “पण मी इथे गेलो तर माझा अस्थिकलश याच जागेत ठेवता येतो. आणि मग माझी मुदत नव्याने मोजतात. तितकी वर्षे हिलाही हलवत नाहीत. तुमच्या वैकुंठात मला जाळलेत, तर हिला काय मिळणार?”

पाहुण्याला उत्तर सुचले नाही. अस्थी नदीला देऊन मोकळे होणाऱ्या परंपरेत तो वाढला होता. आईची राख त्याने आळंदीला इंद्रायणीत सोडली होती आणि मागे वळून पाहिले नव्हते, कारण पाहायचे नसते. मित्रही त्याच परंपरेतला. मरणानंतर माणूस कुठे आहे याची वर्षे मोजण्याचा हा हिशेब मित्र कधी शिकला असेल, याचा त्याने विचार केला. ते पुण्याच्या भेटींत कधी दिसले नव्हते. त्या भेटींत तो आग्रहाने वाढलेले सारे खात असे.

“ती दुसरी झारी घे,” यजमान म्हणाला. “निळ्या दोरीची. ती हिची होती.”

पाहुण्याने झारी नळाखाली भरून आणली. ती त्याच्या अंदाजापेक्षा जड निघाली. तो फुलांवर पाणी ओतू लागला, तसा यजमान खेकसला, अगदी वाड्यातल्या आवाजात:

“अरे गाढवा, पाकळ्यांवर नको. मुळाशी घाल.”