पटाशीशेजारी बॅटरीचं ड्रिल

भोर-वेल्ह्याकडच्या जुन्या घरांत वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट माळ्यावर सापडतातच. आता त्यांच्या शेजारी चार इंची ग्राइंडर आणि बॅटरीचं ड्रिल येऊन बसलंय, आणि हे चांगलंच झालं. तोरण्याच्या पायथ्याला आषाढात वीज गेली, तरी लिथियमच्या बॅटरीवर गोठ्याच्या पत्र्याचे स्क्रू आवळता येतात.

सगळंच मात्र यंत्रावर सोपवू नये. पटाशीची धार पाणी घालून दगडावर, सावकाश हातानेच लावावी. ग्राइंडरवर पातं तापून निळं पडलं, की पोलादाचं पाणी उतरतं; मग ती धार सागाच्या एका गाठीतही टिकत नाही.

हत्यार विकत मिळतं, हात मात्र शिकूनच बसतो. पुणे जिल्ह्यातच, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभा केला तो हाताने काम करत शिकण्यासाठी. पुढे २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळाही आली. अशी कार्यशाळा वेल्ह्यातल्या मुलांनाही मिळायलाच हवी.

हात बसेपर्यंत आणि नंतरही जपायला मात्र हवं: चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. त्याचा गार्ड काढू नका, डोळ्यांना चष्मा लावा आणि लाकूड कापायची दातेरी चकती त्याला कधीही बसवू नका.