चाकोरीतली भटकंती

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून साधारण १०० किलोमीटरवर इंदापूर तालुक्यातील भिगवण लागते. गावाच्या उत्तरेला भीमा नदी पसरत जाऊन तिचा जलाशय झाला आहे. पावसाळा संपताना येथे नजर पोहोचेल तेथवर पाणीच पाणी असते. होळीच्या सुमारास मात्र ते रोज थोडे थोडे मागे सरकू लागते आणि त्यातून वाळूची, मातीची, खडकांची बेटे डोके वर काढतात.

अशाच एका बेटावर रात्रभर मुक्काम करावा, या बेताने मार्चच्या अखेरीस एका शनिवारी पहाटे पाच कुटुंबे निघाली. तीन पुण्याची, दोन बारामतीची. चार जीपगाड्या, चारही चाकांना जोर मिळेल अशा. सोबत तंबू, पाण्याची पिंपे, दोन दिवसांचा शिधा. मंडळींतील तरुणांनी ऑस्ट्रेलियातील गारी बेटावरील सफरींचे चित्रपट पाहिले होते. क्वीन्सलँड राज्यातील हे बेट पूर्वी फ्रेझर बेट म्हणून ओळखले जाई; २०२३ मध्ये मूळ रहिवाशांनी दिलेले नाव त्याला अधिकृतपणे परत मिळाले. १२० किलोमीटरहून अधिक लांबीचे ते जगातील सर्वांत मोठे वाळूचे बेट. तेथे डांबरी रस्ते जवळजवळ नाहीत, ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट किनाऱ्यावरूनच गाड्या धावतात. आपल्या उजनीवरही तसेच काही करता येईल, असे त्यांना वाटले होते.

उजनीचे पाणी मात्र निराळ्या स्वभावाचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील उजनी गावाजवळ भीमेवर बांधलेले हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी. पैकी जवळजवळ ६४ टीएमसी हा मृतसाठा. म्हणजे उपयुक्त साठा संपून आकडा शून्यावर आला तरी धरणात निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असते, आणि त्याखालची पातळी वर्तमानपत्रे ‘उणे’ टक्क्यांत छापतात. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा असाच उणे झाला, तेव्हा पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर पाण्याबाहेर आले. एरवी ज्याचे शिखर तेवढे दिसते, त्याच्या भिंतींपर्यंत लोक चालत गेले. धरणाने भीमाकाठची अनेक गावे पोटात घेतली. उन्हाळ्यात उघडी पडणारी जमीन ही कोणाची तरी जुनी शेते आणि जुन्या वाटा आहेत.

सकाळी नऊच्या सुमारास गाड्या काठावर पोहोचल्या. पाण्यापलीकडे, फार तर अर्ध्या किलोमीटरवर, एक पिवळसर बेट दिसत होते. मधला भाग कोरडा भासत होता. पांढरट, भेगाळलेला आणि सपाट. पुढच्या गाडीच्या चालकाने वाळूसाठी करतात तशी चाकांतली हवा कमी केली आणि मळलेली वाट सोडून गाडी उताराला घातली. दीडशे पावलांवर वरचा पापुद्रा फुटला. चारही चाके जागच्या जागी फिरू लागली, आणि जसजसा जोर वाढला तसतशी गाडी खाली बसत गेली.

वाळू आणि गाळ यांतील फरक त्या दिवशी सर्वांनी प्रत्यक्ष पाहिला. वाळूचे कण मोठे असतात, त्यांतून पाणी निथळून जाते. चाकातली हवा कमी केली की चाक पसरते, भार वाटला जातो आणि गाडी वरच्यावर निघते. गाळाचे कण पिठासारखे बारीक असतात आणि ते पाणी धरून ठेवतात. ऊन वरची चार बोटे वाळवते. खाली मात्र लगदा तसाच असतो. तेथे चारही चाकांचा जोर केवळ खड्डा अधिक खोल करतो.

शेवटी जवळच्या वस्तीवरील एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणला. साखळी बांधून गाडी ओढून काढण्यात तासभर गेला. तोवर चाकांचे पट्टे त्याच्याच गाळपेर रानातून उमटले होते. पाणी हटले की उघड्या पडणाऱ्या या जमिनीत काठचे लोक थोड्या मुदतीचे पीक घेतात. त्याच्या कोवळ्या कलिंगडाच्या वेलींवरून एक चाक गेले होते. ट्रॅक्टरचे पैसे त्याने घेतले नाहीत. वेलींचे मोल मात्र मंडळींनी आग्रहाने हातावर ठेवले. गाड्या आता पुढे नेऊ नका, एवढेच त्याने सांगितले.

मग नावेचा विचार झाला. तंबू नावेत घालून संध्याकाळी बेटावर उतरावे, असा नवा बेत ठरला. कुंभारगाव परिसरात पक्षी दाखवण्यासाठी पर्यटकांना नेणारे अनेक नावाडी आहेत. मूळचा व्यवसाय मासेमारीचा. ज्याला विचारले त्याने दुपारनंतर नाव काढण्यास साफ नकार दिला. कारण विचारण्याची गरज नव्हती. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी नाव अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. उन्हाळ्यात दुपारनंतर या उघड्या पाण्यावर वारा कधी पडेल आणि कधी उठेल, याचा भरवसा काठावरचे लोक देत नाहीत. पहाटे येतो, सर्वांना जीवरक्षक जाकिटे घालावी लागतील, एवढे बोलून नावाडी निघून गेला.

मुक्काम अखेर गावाजवळच्या एका कापणी झालेल्या शेतात पडला, मालकाच्या परवानगीने. तरुण मंडळी थोडी हिरमुसली होती. ज्येष्ठांनी दिवस मावळण्यापूर्वीच भाकरी, पिठले, मुगाची उसळ असे जेवण उरकून घेतले. त्यामुळे शेकोटी पेटवण्याचे किंवा मोठे दिवे लावण्याचे कारणच उरले नाही. अंधार पडला तसा पाण्याकडून गेंगाण्या आवाजांचा कलकलाट येऊ लागला. दिवसा गुलाबी रेघेसारखे दिसणारे रोहित पक्षी आता उथळ पाण्यात चरत होते. वीण कच्छच्या रणात आणि हिवाळा येथे, असा त्यांचा क्रम. मध्यरात्री वारा सुटला आणि तंबूंच्या दोऱ्या ताणल्या. पाण्यावर लाटांचा आवाज होऊ लागला, तेव्हा नावाड्याच्या नकाराचे मोल जागे असलेल्या प्रत्येकाला कळले.

पहाटे पाणी आरशासारखे स्थिर होते. दोन नावा निघाल्या. बेट जवळ आले तसे नावाड्याने यंत्र बंद केले आणि काठापासून बऱ्याच अंतरावर नाव बांबूने थोपवून धरली. उतरण्याचे नाव तो काढीना. बेट रिकामेच दिसत होते. वाळू, गोटे, थोडे वाळके गवत. दुर्बीण हाती असलेल्या दहा वर्षांच्या मुलीला प्रथम दिसले की एका गोट्याला पिवळी चोच आहे.

तो नदी सुरय होता. डोक्यावर काळी टोपी, राखी पंख, दुभंगलेली लांब शेपटी. एक दिसल्यावर दुसरा दिसला, मग तिसरा. पाहता पाहता वाळूवर बसलेल्या पंधरा-वीस पक्ष्यांची मोजदाद झाली. मधूनच वाळूच्याच रंगाच्या, चिमणीहून थोड्या मोठ्या छोट्या आर्ली उठत आणि पुन्हा वाळूत विरून जात. हे पक्षी झाडावर घरटे बांधत नाहीत. पाणी ओसरून बेटे उघडी पडली की वाळूत पोटाने उथळ खळगा करायचा आणि त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी घालायची, एवढाच त्यांचा संसार. चहूबाजूंचे पाणी हेच त्यांचे कुंपण. कुत्री आणि कोल्हे तेथवर सहसा पोहोचत नाहीत. अंड्यांचा रंग वाळूशी इतका मिळतो की उभ्या माणसालाही ती पायाखाली येईपर्यंत दिसू नयेत, मग चालत्या गाडीतून कोठून दिसणार?

ऊन चढू लागले तसे पक्ष्यांचे येणे-जाणे वाढले. एक जण पाण्यावर उतरून पोटाची पिसे भिजवी आणि परत येऊन अंड्यांवर बसे. उन्हाळ्यात अंडी उबवण्यापेक्षा ती गार ठेवणे हेच मोठे काम असते. माणसांच्या भीतीने जोडी घरट्यावरून उठली आणि उठलेलीच राहिली, तर तापलेल्या वाळूत अंडी निकामी होण्यास फार वेळ लागत नाही. एकही अंडे न फुटता सारी वीण वाया जाऊ शकते. नदी सुरय आज जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या पक्ष्यांत गणला जातो. वाळूचा उपसा, धरणांच्या पाण्याची अवेळी चढउतार आणि बेटांवरील माणसांचा वावर, ही त्याची कारणे आहेत.

नावेत बराच वेळ कोणी बोलले नाही. आदल्या दिवशी गाळ थोडा अधिक वाळलेला असता, किंवा नावाडी थोडा कमी कणखर असता, तर चार तंबू आणि वीस माणसे याच वाळूवर रात्रभर असती. खाली पाहून पाऊल टाकावे, ही शिकवण या घरांत मुलांना पहिल्यापासून मिळते. चाकांच्या बाबतीत मात्र ती कोणालाच आठवली नव्हती.

दुपारी गाड्या महामार्ग सोडून दक्षिणेला कडबनवाडीच्या माळाकडे वळल्या. इंदापूर आणि बारामती हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. पाऊस वर्षाला सुमारे ५०० मिलीमीटर. नीरा डाव्या कालव्याच्या भिजीत ऊस उभा असतो, आणि भिजीबाहेर सुरू होतो मुरमाड, पिवळ्या गवताचा माळ. सरकारी दप्तरांत अशी जमीन बहुधा ‘पडीक’ म्हणून नोंदली जाते. प्रत्यक्षात तेथे चिंकारा, लांडगा, खोकड, तरस राहतात. माळटिटवी, धाविक, पखुर्डी हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य अशाच माळावर चिंकाऱ्यांसाठी राखलेले आहे. क्षेत्र पाच चौरस किलोमीटरहून थोडेसेच अधिक.

कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. आधी नोंदणी करायची, स्थानिक मार्गदर्शक सोबत घ्यायचा आणि ठरवून दिलेल्या वाटेवरूनच गाडी न्यायची. येथे चारही चाकांच्या जोराचे काही काम नव्हते, आणि त्याची रुखरुख आता कोणाला नव्हती. वाटेपासून थोड्या अंतरावर मुरमात उमटलेले चाकांचे जुने पट्टे मार्गदर्शकाने दाखवले. कोणीतरी चिंकाऱ्यामागे गाडी घातली होती. त्यानंतर पावसाळा येऊन गेला, तरी त्या पट्ट्यांत गवत उगवले नव्हते. ऊन कलताना दोन चिंकारे बाभळीच्या आडून निघाले, गाड्यांकडे पाहत क्षणभर थांबले आणि संथ पावलांनी चरत पुढे गेले. वाट सोडून आपल्याकडे काही येणार नाही, याची त्यांना सवय झाली असावी.

गारी बेटावरही गाड्या स्वैर धावत नाहीत. तेथे वाहनाचा आणि मुक्कामाचा परवाना लागतो, किनाऱ्यावर वेगाची मर्यादा असते आणि वाळूच्या टेकड्यांवर गाडी नेण्यास मनाई आहे. चित्रपटांत एवढे दिसत नाही.

मराठीत ‘चाकोरी’ म्हणजे चाकांनी कोरलेली वाट. ती सोडण्याचे कौतुक आपण नेहमी करतो. उजनीच्या वाळूवर आणि कडबनवाडीच्या माळावर मात्र चाकोरीच्या बाहेर कोणाचे तरी घर असते. रविवारी सूर्यास्ताआधी परतीच्या वाटेवर गाड्या त्या शेतकऱ्याच्या वस्तीपाशी थांबल्या. त्याने कलिंगडे कापली. वेली तगतील, असे तो म्हणाला.