बुटाची नाडी

इथं सगळे जुन्या बेळगावच्या आठवणी लिहितात, मी आवडीनं ऐकतो. ऐकतो म्हणायचं कारण पुढं येईलच. आज माझी एक आठवण सांगतो. बरीच वर्षं मनात राहिलेली आहे.

मी अनगोळचा, वय ७४. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर रोज पहाटे चालत टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपोला जायचं, तिथं फेऱ्या मारायच्या, मित्रांबरोबर चहा घ्यायचा आणि घरी यायचं. पावसाळ्यातसुद्धा छत्री घेऊन जायचो.

मग डोळ्यांनी दगा दिला. खरं म्हणजे मीच डोळ्यांना दिला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगून थेंब घालायला दिले होते. 'दिसतंय की चांगलं' म्हणून मी ते मध्येच सोडले. बहुतेक वेळा हा काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. आधी बाजूबाजूचं दिसणं जातं आणि गेलेलं परत येत नाही. खात्यातून रोज थोडी रक्कम वजा होत होती आणि आयुष्यभर लोकांची खाती तपासणाऱ्या मी स्वतःचं पासबुकच भरून घेतलं नाही.

एका पहाटे चौथ्या रेल्वे गेटजवळ उभ्या स्कूटरवर आदळलो. मनगट मोडलं. त्या दिवसापासून घरच्यांनी फिरणं बंद केलं. त्यांचं चुकलं असं म्हणत नाही. पण मुलगा घरातल्या घरात दंड धरून न्यायचा, ही पानातली भाकरी मोडून द्यायची. 'अहो, बसा की, मी आणते.' बसून बसून मी चिडका झालो. टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि कुणाशी बोलायचं नाही, असं वर्षभर चाललं.

दिवाळीला नात पुण्याहून आली. म्हणाली, "आज्जा, उद्या साडेपाचला तयार राहा. व्हॅक्सिन डेपोला पळायला जायचं."

तिची आजी ओरडली, "अगं, पडतील! पुन्हा हात मोडून घेतील!"

तेव्हा कळलं, नात पुण्यात रविवारी सकाळी अंध माणसांबरोबर धावते. दिव्यांशु गणात्रा नावाचे गृहस्थ आहेत. एकोणिसाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली, तीही काचबिंदूनं. त्यांनी पुण्यात 'अ‍ॅडव्हेंचर्स बियॉन्ड बॅरियर्स फाउंडेशन' काढलं. तिथं अपंग आणि धडधाकट माणसं जोडीनं दोघांची सायकल चालवतात, डोंगर चढतात, धावतात. हे गृहस्थ पॅराग्लायडरनं एकटे उडालेले आहेत. आणि मी घरात भाकरी मोडून घेत होतो.

सकाळी तिनं माझ्याच जुन्या बुटाची नाडी काढली, दोन टोकांना दोन फास केले. एक माझ्या हातात, एक तिच्या. मध्ये वीतभर अंतर.

"आज्जा, मी तुम्हाला ओढणार नाही. वेग तुमचा. मी फक्त पुढं काय आहे ते सांगणार."

आणि खरंच तसंच केलं. "चार पावलांवर खड्डा. आता डावीकडे. समोरून दोघं येतायत, सरळच चला." माझा हात हलला की तिचा हलायचा. पहिली फेरी चाललो. दुसरीत तिनं विचारलं, "थोडं पळायचं?" जेमतेम पन्नास पावलं पळलो असेन. कॉलेजनंतर पहिल्यांदा. धाप लागली, डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, थंडीमुळं. मी हो म्हटलं.

पण मला त्या क्षणी आमचे ऑपरेटर आठवले होते.

१९८०च्या दशकात आमच्या कार्यालयात एक अंध टेलिफोन ऑपरेटर होते. तिशीतला माणूस. सगळे नंबर तोंडपाठ, नुसत्या 'हॅलो'वरून गिऱ्हाईक ओळखायचे. संध्याकाळी मी त्यांचा दंड पकडून त्यांना बसपर्यंत न्यायचो आणि पुण्य केल्यासारखा घरी यायचो. एकदा ते हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही धरू नका. मी तुमचा हात धरतो." मला राग आला. उपकार करायचे आणि वर हे ऐकायचं! काही दिवस त्यांना न्यायचंच सोडलं.

पुढं स्टाफच्या वार्षिक खेळांची यादी माझ्याकडं होती. त्यांनी शंभर मीटरला नाव द्यायला सांगितलं. मी हसलो. "तुम्ही बक्षिसं द्यायला बसा की." त्या दिवशी ते खुर्चीत बसले, बक्षिसं दिली, टाळ्या वाजवल्या. पुन्हा कधी कशात नाव दिलं नाही.

त्या काळात कुणाला हे माहीत नव्हतं, अशी पळवाटही मला नाही. डिक ट्रॉम नावाचा पाय कापलेला माणूस १९७६ साली कृत्रिम पायानं न्यूयॉर्कची मॅरेथॉन पूर्ण करून बसला होता. १९८३ साली त्यानं तिथं अपंगांसाठी 'अकिलीज ट्रॅक क्लब' काढला. आमच्याकडं पैसा लागणार नव्हता की यंत्र. लागणार होती बुटाची नाडी आणि बरोबर पळणारा एक माणूस. ते सुचलं नाही, कारण विचारायचंच सुचलं नाही.

नात मला मोबाईलवरून वाचून दाखवते. आपल्या कर्नाटकातल्या रक्षिता राजूनं २०१८ साली जकार्ताला आणि २०२३ साली हांगझोऊला आशियाई पॅरा स्पर्धेत दीड हजार मीटरचं सुवर्ण आणलं. बरोबर धावणारा वाटाड्या धावपटूच्या आधी रेषा ओलांडू शकत नाही, असा नियम आहे. मला तो फार आवडला. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एलेना कॉन्गोस्त ही स्पॅनिश धावपटू मॅरेथॉनच्या शेवटच्या पावलांवर होती. तिच्या वाटाड्याच्या पायात गोळे आले, तो कोसळायला लागला. त्याला सावरायला तिनं दोरी सोडली, म्हणून तिला बाद ठरवलं. त्या वेळी कांस्यपदक हुकलं. आम्हाला वाटत होतं, सांभाळणारे आम्हीच!

नात पुण्याला गेली. आता गल्लीतला कॉलेजचा पोरगा येतो. "आज्जा, हळू हं, ओला दगड हाय," म्हणत नाडी धरतो. कृत्रिम पाय बसवलेला एक तरुण आणि आपल्या गतिमंद मुलाला घेऊन एक ताई, अशी आणखी माणसं आमच्यात आली आहेत. नाव नाही, टी-शर्ट नाही. पळण्यापेक्षा चालणंच जास्त. हिची धास्ती मात्र अजून गेलेली नाही, दारात उभी असते.

ऑपरेटर वारले, त्याला बरीच वर्षं झाली. माफी मागायची राहिली. म्हणून इथं लिहिलं.

मंडळी, दोनच विनंत्या. चाळिशी उलटली की डोळ्यांचं प्रेशर तपासून घ्या आणि दिलेले थेंब सोडू नका. आणि रस्त्यात अंध माणूस दिसला तर दंड पकडू नका. आधी विचारा, मग आपला हात पुढं करा.

मी सांगितलं, सूनबाईनं टाइप केलं. चूक असेल तर सांभाळून घ्या.